कमी ग्रेडमुळे कॉलेजच्या पटावरून नाव कमी झाले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील कॉलेजांचे सत्रनिकाल लागले की पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात लागत असेल तेथे पुनरुक्ती न करता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियमांचे तपशील संस्थेगणिक वेगळे असतात, म्हणून ही उत्तरे आपल्या संस्थेचे अध्यादेश किंवा माहितीपुस्तिका शेजारी ठेवून वाचावीत.

१. मी दोन विषयांत नापास आहे एवढेच मला ठाऊक होते. ही 'शैक्षणिक स्थिती' काय असते?

एखाद्या विषयात नापास होणे हा त्या विषयापुरता निकाल असतो. शैक्षणिक स्थिती म्हणजे एकूण प्रगती पाहून, विद्यार्थ्याला पुढे शिकू द्यावे की नाही याबद्दल संस्थेने घेतलेला निर्णय. त्याच्या सामान्यतः तीन पायऱ्या असतात. पहिली नियमित स्थिती, दुसरी इशारा किंवा निरीक्षणाखालील स्थिती (हिला बहुतेक ठिकाणी प्रोबेशन म्हणतात) आणि तिसरी पटावरून नाव कमी होणे. अमेरिकेतील विद्यापीठांत या पायऱ्या ठळकपणे लिहिलेल्या असतात आणि पदवी पातळीवर ४ पैकी २.० ही सरासरी तेथे सर्वसाधारणपणे सीमारेषा मानली जाते. गोवा विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत हीच गोष्ट वेगळ्या नावांनी घडते. त्याबद्दल प्रश्न ३ पाहावा.

२. एसजीपीए आणि सीजीपीए कसे काढतात? आणि एक खराब सत्र भरून निघते का?

प्रत्येक विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) त्या विषयात मिळालेल्या ग्रेड-गुणांनी गुणावे, सर्व गुणाकारांची बेरीज करावी आणि एकूण श्रेयांकांनी भागावे. एका सत्राचा हा आकडा एसजीपीए आणि आजवरच्या सर्व सत्रांचा सीजीपीए होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीत 'ओ'ला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५, 'पी'ला ४ आणि 'एफ'ला ० गुण असतात.

समजा, प्रत्येकी ४ श्रेयांकांचे पाच विषय आहेत आणि त्यांत ६, ५, ४, ० आणि ० असे ग्रेड-गुण मिळाले. एसजीपीए ३.०० झाला. संस्थेची किमान अट ४.५० असेल, तर तेवढ्याच श्रेयांकांच्या पुढच्या एका सत्रात ६.०० मिळवावे लागतील. दोन सत्रांची मुदत मिळाली, तर दोन्हींत ५.२५ पुरेल. नाव कमी करण्याच्या निर्णयाविरुद्धचे अपील लिहिण्यापूर्वीच हा हिशोब करावा, कारण अपील ऐकणाऱ्या समितीतील प्राध्यापक तो करणारच असतात. नापास विषय पुन्हा देऊन उत्तीर्ण झाल्यास शून्याच्या जागी नवा ग्रेड धरला जातो का, हे मात्र नियमात पाहून घ्यावे. त्या एका उत्तराने आकडे बरेच बदलतात.

३. एटीकेटी, इयर डाऊन, टर्म ग्रँट न होणे आणि नाव कमी होणे, हे सगळे एकच का?

नाही, आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो. एटीकेटी म्हणजे काही विषय बाकी ठेवून पुढच्या वर्गात बसण्याची मुभा. बाकी विषय मर्यादेपेक्षा जास्त झाले की पुढच्या वर्षात प्रवेश मिळत नाही, त्याला विद्यार्थी इयर डाऊन म्हणतात. यात नाव पटावरच असते आणि विषय सुटले की वाट मोकळी होते. टर्म ग्रँट न होणे, म्हणजे सत्र मान्य न होऊन परीक्षेला बसू न देणे, हा प्रामुख्याने हजेरीचा मामला आहे (प्रश्न ५). नाव कमी होणे या सर्वांपलीकडचे आहे, कारण त्यानंतर संस्थेशी असलेले विद्यार्थी म्हणून नातेच संपते. इयर डाऊन झालेल्या विद्यार्थ्याने 'मला कॉलेजातून काढले' असा अर्ज केला, तर तो अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो आणि तेवढ्यात पुनर्परीक्षेचा फॉर्म भरण्याची तारीख निघून जाते.

४. माझ्या कॉलेजला नेमके कोणाचे नियम लागू होतात?

गोवा विद्यापीठाला संलग्न असलेल्या कॉलेजांना विद्यापीठाचे अध्यादेश लागू होतात. मडगावच्या पार्वतीबाई चौगुले महाविद्यालयासारख्या स्वायत्त कॉलेजांत परीक्षा आणि मूल्यमापनाचे पुष्कळसे नियम कॉलेजचे स्वतःचे असतात, पदवी मात्र विद्यापीठाची असते. झुआरीनगरचे बिट्स पिलानी हे अभिमत विद्यापीठाचे संकुल असल्याने तेथे गोवा विद्यापीठाचे अध्यादेश चालत नाहीत. तेथे किमान शैक्षणिक अटी पूर्ण न करणारा विद्यार्थी शैक्षणिक समुपदेशन मंडळाच्या देखरेखीखाली जातो. आयआयटी गोवा आणि एनआयटी गोवा येथे शैक्षणिक नियम त्यांची सिनेट ठरवते.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत वर आणखी एक नियामक संस्था असते आणि तिने घातलेली मर्यादा कॉलेजला शिथिल करता येत नाही. एमबीबीएससाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पहिल्या व्यावसायिक परीक्षेला जास्तीत जास्त ४ प्रयत्न आणि संपूर्ण अभ्यासक्रमाला प्रवेशापासून ९ वर्षे मिळतात. पाचवा प्रयत्न द्या असे अपील बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कितीही कळवळून केले, तरी अधिष्ठात्यांच्या हाती ते मान्य करण्याचा अधिकारच नसतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकावा, पण पारखून घ्यावा. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले; त्याआधी शिकलेल्या काका-मामांनी मुंबई विद्यापीठाचे नियम अनुभवले आहेत. पदवी अभ्यासक्रमांना २०२३-२४ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यामुळे त्याआधी प्रवेश घेतलेल्या ताईचा अनुभवही तुमच्या तुकडीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

५. माझे गुण बरे आहेत, पण हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. यावरही हेच अपील चालेल का?

मार्ग वेगळा आहे. हजेरीची अट साधारणपणे ७५ टक्के असते आणि आजारपण किंवा कॉलेजच्या वतीने खेळ, एनसीसी, स्पर्धा यांसाठी झालेल्या गैरहजेरीला नियमांत ठरलेल्या मर्यादेपर्यंत सूट मिळू शकते. ही सूट परीक्षेपूर्वी, प्राचार्यांकडे मागायची असते. विधी शाखेत बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी ७० टक्क्यांची अट घातली असून अपवादात्मक कारणांसाठी ती ६५ टक्क्यांपर्यंत सैल करता येते. निकालानंतर केलेल्या अपिलात हजेरीचा मुद्दा मांडला जातो, परंतु तोवर बराच उशीर झालेला असतो.

६. नाव कमी झाल्याचे पत्र आजच आले. सर्वांत आधी काय करावे?

पत्रावरील तारीख, तुम्हाला ते मिळाल्याची तारीख आणि अपिलाची मुदत या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. मुदत 'दिवसांत' आहे की 'कामकाजाच्या दिवसांत', हे नीट वाचावे. चवथीच्या सुट्टीच्या तोंडावर पत्र आले, तर हा फरक सहज आठवडाभराचा होतो आणि चवथीत कार्यालय बंद होते ही सबब साध्या दिवसांच्या मुदतीत सहसा चालत नाही. पत्र ईमेलने आले असेल, तर ते उघडल्याची तारीख धरली जाईल या भरवशावर राहू नये.

त्यानंतर निर्णय कोणत्या नियमाखाली झाला हे पाहावे. पत्रात नियमाचा क्रमांक नसेल, तर तो लेखी विचारावा. पुराव्यांची जमवाजमव मुदतीत होणार नसेल, तरीही एक पानी अपील मुदतीत देऊन 'सोबतची कागदपत्रे अमुक तारखेपर्यंत सादर करतो' असे लिहावे आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे गृहीत धरले जाते.

७. पेपर चुकीचा तपासला आहे असे मला वाटते. फेरमूल्यांकन मागू की अपील करू?

दोन्ही करता येते, पण दोन स्वतंत्र अर्जांनी. गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेली उत्तरे पाहिली जातात, फेरमूल्यांकनात दुसरा परीक्षक पेपर पुन्हा तपासतो. दोन्हींना स्वतंत्र शुल्क आणि निकालापासून मोजलेली छोटी मुदत असते. अपिलात गुण वाढवून मागितले, तर समिती ते परीक्षा विभागाकडे बोट दाखवून परत करते. फेरमूल्यांकन चालू असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत नाव कमी करण्याचा निर्णय स्थगित ठेवावा, अशी एक ओळ अपिलात जरूर घालावी.

तपासलेली उत्तरपत्रिका स्वतः पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला आहे. सार्वजनिक प्राधिकरण असलेल्या संस्थेने अशा अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. हा काळ अपिलाच्या मुदतीपेक्षा बहुधा मोठा असतो, म्हणून उत्तरपत्रिका हाती आल्यावरच अपील करू असे म्हणून थांबू नये.

८. अपील कोणत्या कारणांवर मान्य होते?

ढोबळपणे तीन. पहिले, संस्थेने स्वतःचाच नियम पाळला नाही: आयएसएचे (सत्रांतर्गत मूल्यमापनाचे) गुण निकालात धरलेच नाहीत, इशाऱ्याची पायरी नियमात असताना ती गाळली, जुन्या तुकडीचा नियम नव्या तुकडीला लावला. दुसरे, तुमच्या हाताबाहेरची परिस्थिती, जिचा अभ्यासावर झालेला परिणाम तारखांसह दाखवता येतो. तिसरे, निर्णय घेतेवेळी समितीपुढे नसलेली आणि तेव्हा सादर करणे शक्य नसलेली माहिती, उदाहरणार्थ नंतर झालेले वैद्यकीय निदान.

'शिक्षकांचा माझ्यावर राग आहे' हे कारण जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या पत्रात असते. त्याला लेखी आधार असेल तर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे आणि त्याची वाट प्रश्न १४ मध्ये दिली आहे. आधार नसेल, तर या एका वाक्याने उरलेल्या चांगल्या मुद्द्यांचेही वजन घटते.

९. माझ्याकडे मोठे कारण काहीच नाही. अभ्यासच झाला नाही. मग अपील करण्यात अर्थ आहे का?

आहे, मात्र यश कमी वेळा मिळते हे धरून चालावे. असे विद्यार्थी अनेकदा पर्यटनाच्या हंगामात हॉटेलात किंवा शॅकवर रात्रीची पाळी करत असतात आणि ती गोष्ट सांगायला संकोचतात. हे लपवू नये. काम किती तास होते, ते सोडले किंवा कमी केले का, आणि त्याचा कागद काय, हे लिहावे. नोकरी सोडल्याचे मालकाचे दोन ओळींचे पत्र कोणत्याही वैद्यकीय दाखल्याइतकेच उपयोगी पडते.

ओळखीच्या डॉक्टरांकडून मागच्या तारखेचा दाखला आणण्याचा मोह मात्र टाळावा. तो खोटा निघाला, तर ग्रेडचा प्रश्न बाजूला राहून शिस्तभंगाची वेगळी कारवाई सुरू होते.

१०. अपिलाचे पत्र कसे लिहावे? नमुना मिळेल का?

तयार नमुना आम्ही मुद्दाम देत नाही. एकाच नमुन्यावरून उतरवलेली पाच पत्रे एकाच बैठकीत समितीपुढे आली, तर पाचही विद्यार्थ्यांचे नुकसान होते. रचना सांगता येईल. पत्र एक, फार तर दीड पानाचे असावे. आरंभी कोणत्या तारखेच्या कोणत्या निर्णयाविरुद्ध अपील आहे आणि काय मागणे आहे ते सांगावे: निर्णय रद्द करावा, की एका सत्राची संधी द्यावी, की एक सत्र खंड घेऊन परत येऊ द्यावे. मागणेच न लिहिलेली पत्रे आश्चर्य वाटावे इतकी असतात.

पुढे काय घडले ते तारखांसह लिहावे. 'घरच्या अडचणींमुळे अभ्यास झाला नाही' या वाक्यावर समितीला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी 'ऑगस्टपासून वडिलांच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीन दिवस बांबोळीला जावे लागत होते आणि त्यांपैकी दोन दिवशी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके होती' असे लिहिले, तर घटना आणि नापास झालेला विषय यांचा सांधा जुळतो. त्या अडचणीत तुम्ही कॉलेजला का कळवले नाही, हा प्रश्न हमखास येतो, म्हणून त्याचे उत्तर पत्रातच द्यावे.

पत्राचा सर्वांत दुबळा भाग सहसा पुढची योजना हा असतो. 'यापुढे मन लावून अभ्यास करीन' हे वचन झाले. योजनेत आता काय बदलले आहे ते हवे (वडिलांना नेण्याची जबाबदारी आता काकांनी घेतली, वसतिगृहात जागा मिळाली, उपचार सुरू झाले), कोणते विषय कोणत्या सत्रात देणार ते हवे आणि प्रश्न २ मधील पद्धतीने काढलेला आकडा हवा. दयेची याचना एका वाक्यापुरती ठेवावी.

११. कोणते पुरावे जोडावेत? मानसिक आजार लिहावा का, की नोंदीवर डाग राहील?

सरकारी रुग्णालयाची कागदपत्रे, म्हणजे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, मडगावचे हॉस्पिसियो किंवा जवळचे आरोग्य केंद्र येथील केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड, नंतर मिळवलेल्या दाखल्यापेक्षा वजनदार ठरतात, कारण त्यांवरील तारखा त्या त्या वेळी पडलेल्या असतात. जवळच्या नातेवाईकाच्या निधनासाठी मृत्यूदाखला, आर्थिक संकटासाठी बँकेची नोटीस किंवा नोकरी गेल्याचे पत्र चालते.

मानसिक आजार खरे कारण असेल, तर तो लिहावा. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचे, म्हणजे आयपीएचबीचे, किंवा अन्य मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र जोडताना निदानाचा सर्व तपशील उघड करण्याची गरज नसते. उपचाराचा काळ, अभ्यासावरील परिणाम आणि आता शिक्षण चालू ठेवता येईल असे मत, एवढे पुरते. पाकिटावर 'गोपनीय' लिहून ते समितीच्या अध्यक्षांच्या नावे द्यावे. आणि हे वाचत असताना मनाला फार त्रास होत असेल, तर अपील उद्यावर टाकावे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र विनाशुल्क चालतो.

१२. अपील मराठीत केले तर चालेल का?

गोवा राजभाषा कायदा १९८७ नुसार कोकणी ही राजभाषा असून मराठीचाही सरकारी कामकाजासाठी वापर करण्याची तरतूद आहे. परंतु विद्यापीठे आणि कॉलेजे यांचे परीक्षाविषयक कामकाज व्यवहारात इंग्रजीतून चालते आणि समितीत गोव्याबाहेरचे प्राध्यापकही असतात. म्हणून मुख्य पत्र इंग्रजीत द्यावे. पालकांचे निवेदन मराठीत असले तर बिघडत नाही. सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे.

१३. सुनावणीला आई-बाबांनी यावे का? आणि आमदारांचा फोन गेला तर मदत होते का?

विद्यार्थी सज्ञान असल्याने बोलायचे त्यानेच. पालक सोबत आले तरी त्यांनी विचारल्याशिवाय उत्तरे देऊ नयेत. आई बोलत आहे आणि मुलगा मान खाली घालून बसला आहे, हे दृश्य अपिलाच्या विरोधात जाते. राहिला फोन. गोवा लहान आहे, कोणाची तरी ओळख निघतेच, आणि म्हणूनच समितीतील सदस्य अशा फोनांना सरावलेले असतात. नियमात बसणारे अपील फोनाविना मान्य होते. न बसणारे फोनामुळे मान्य झाले, तर तो निर्णय पुढे कोणीही उलटवू शकतो.

सुनावणी मिळणे हा प्रत्येक वेळी हक्क असतोच असे नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली म्हटले की, शिक्षकांनी दीर्घकाळ काम पाहून ते असमाधानकारक ठरवले असेल, तर नाव कमी करण्यापूर्वी म्हणणे ऐकलेच पाहिजे असा प्रश्न उद्भवत नाही. कॉपी किंवा गैरवर्तनाचा आरोप असेल, तर मात्र नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. तुमच्या पत्रात या दोन्ही कारणांची सरमिसळ असेल, तर ती वेगळी करून मागावी.

१४. कॉलेजने अपील फेटाळले. आता पुढे कोण?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारणविषयक २०२३ च्या नियमांनी दोन टप्पे दिले आहेत. पहिला टप्पा संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा. संस्थेने स्वतःच्या नियमांविरुद्ध केलेली कृती आणि मूल्यमापनातील अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धती हे तक्रारीचे विषय होऊ शकतात. समितीत प्राध्यापकांबरोबर एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, आणि तक्रारदाराला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत म्हणणे मांडता येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

त्यानेही समाधान झाले नाही, तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. हे पद निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांच्याकडे असते आणि ३० दिवसांत निकाल देण्याचा त्यांनी प्रयत्न करायचा असतो. लोकपाल उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला लावत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवला तरच ते त्यात लक्ष घालतात. पहिला टप्पा गाळून थेट लोकपालांकडे गेल्यास अर्ज परत येतो.

१५. कोर्टात जावे का?

पर्वरीतील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते, पण प्रश्न १४ मधील टप्पे संपल्यावर. नियमभंग स्पष्ट असेल आणि वर्ष वाया जाण्याची तारीख जवळ असेल, तर वकिलांचा सल्ला लवकर घ्यावा. केवळ गुण कमी पडले म्हणून न्यायालय परीक्षकाच्या जागी बसत नाही. नियमात तरतूद नसताना फेरमूल्यांकनाचा हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाच्या प्रकरणात १९८४ सालीच ठरवले आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना १९८७ च्या कायद्याखाली उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते.

१६. अपिलाचा निकाल लागेपर्यंत वर्गात बसता येईल का?

आपोआप नाही. अपिलासोबतच तात्पुरत्या परवानगीचा स्वतंत्र अर्ज द्यावा. ती मिळाली तर अपील फेटाळल्यावर तेवढ्या काळाच्या हजेरीवर हक्क सांगता येत नाही. पण मान्य झाल्यावर हजेरीच कमी पडली असे होत नाही.

१७. अपील मान्य झाले, पण अटी घातल्या आहेत. त्या मोडल्या तर?

बहुधा कमी श्रेयांकांचा भार, समुपदेशकांच्या भेटी आणि ठरावीक एसजीपीए अशा अटी असतात. त्या मोडून दुसऱ्यांदा नाव कमी झाल्यावर दुसरे अपील सहसा पहिल्याच कारणावर ऐकले जात नाही. एखादी अट पाळणे अशक्य असेल, तर सत्र सुरू होतानाच कळवावे. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज किंवा एखादी शिष्यवृत्ती चालू असेल, तर बदललेली स्थिती तेथेही लेखी कळवावी लागते.

१८. अध्ययन अक्षमतेचे निदान आता, तिसऱ्या वर्षी झाले. मागचे निकाल बदलतील का?

निकाल सहसा बदलत नाहीत, पण निदान ही प्रश्न ८ मधील तिसऱ्या प्रकारची माहिती ठरते. विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये समाविष्ट आहे; त्यामुळे नव्या संधीसोबत जादा वेळ आणि लेखनिक यांची मागणीही त्याच पत्रात करावी.

१९. सगळे मार्ग संपले. मिळवलेले श्रेयांक वाया गेले का? कॉलेज मूळ प्रमाणपत्रे देत नाही, त्याचे काय?

उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) नोंदवलेले असतील, तर ते जास्तीत जास्त ७ वर्षे वापरता येतात. घेणारी संस्था कोणते मान्य करील ते तिच्यावर अवलंबून असते. नव्या धोरणात पहिल्या वर्षाअखेर आवश्यक श्रेयांक आणि उन्हाळी व्यावसायिक भाग पूर्ण असेल, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन. नाव कमी होण्यापूर्वीच ही पात्रता तपासावी. नोकरी सांभाळून शिकायचे असेल, तर इग्नूचा मार्ग खुला असतो. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवणे हा प्रश्न १४ मधील नियमांखाली तक्रारीचा विषय आहे, शुल्काची थकबाकी सांगून ती अडवली असली तरी.

२०. माझी मुलगी परदेशात शिकते आणि तिलाच असे पत्र आले आहे. येथून काय करता येईल?

अपील तिनेच, तेथील नियमांनी करायचे आहे. पण व्हिसाचे घड्याळ समांतर चालू असते. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरील विद्यार्थिनीचे नाव कमी झाले की संस्था सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीत तिची नोंद बंद करते, म्हणून तिने अपील लिहिण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला भेटावे. ऑस्ट्रेलियात सरकारला कळवण्यापूर्वी संस्थेने अंतर्गत अपिलासाठी २० कामकाजाचे दिवस द्यायचे असतात आणि तेवढ्यात अपील केले, तर ते संपेपर्यंत सामान्यतः कळवले जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अंतर्गत मार्ग संपल्याचे पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांत स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. मात्र ते कार्यालय शिक्षकांच्या शैक्षणिक मूल्यनिर्णयात पडत नाही, प्रक्रिया योग्य होती का एवढेच पाहते. आजारपण किंवा निधन गोव्यात घडले असेल, तर येथील कागदपत्रांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लगेच करून पाठवणे, हे काम मात्र घरच्यांनी आजच हाती घ्यावे.